आमटी साठ, वेळ पंचावन्न

काकांनी माझ्या पहिल्या आमटीला पन्नास दिले, तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. शंभरात पन्नास म्हणजे जेमतेमच. चौथीला गणितातसुद्धा मला त्याहून जास्त होते. चौथीनंतर शाळेत गेलेच नाही, म्हणून तो आकडा अजून लक्षात आहे.

डोळे पुसून बाहेर आले तर काका दुसरी वाटी वाढून घेत होते. एक बोट वाटीच्या काठाला लावून, अंदाजाने.

"आवडली नाही ना, काका?"

"आवडली की. पन्नास दिले ना!"

मला पटकन बोलता येत नाही. मी त्यांच्याकडे साडेचार वर्षं स्वयंपाक केला आणि त्या साडेचार वर्षांत ते मला पूर्ण कळले असं एकदाही झालं नाही. अर्धं कळायचं, आणि ते कळेपर्यंत उरलेलं अर्धं बदललेलं असायचं.

डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर ते एकटे राहायचे. काकू माझ्या आधीच गेलेल्या. मूलबाळ नव्हतं. सरकारी वजनमापं खात्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. दुकानात जायचं, दुकानदाराची वजनं आपल्या खऱ्या वजनांशी ताडून बघायची आणि बरोबर असली तर शिक्का मारायचा, हे काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी दोनशे ग्रॅमचं एक पितळी वजन त्यांच्या खिशात असायचंच. भाजीवालीकडे गेले की आधी ते तिच्या काट्यावर ठेवायचे, मग भेंडी मागायचे. भाजीवाली बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायची, "थांबा गं, आधी सायबांना पास होऊ दे."

"मी नाही, तुझा काटा पास होतोय," काका म्हणायचे.

"माझा काटा रोजच पास होतो. तुमचंच काय ते बघा."

त्यांच्या डोळ्यांचं असं झालं होतं की कडेचं दिसायचं आणि मधलं दिसायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं, आता याला उपाय नाही. म्हणून माझ्याशी बोलायचं असलं की ते खिडकीकडे बघायचे, म्हणजे मी त्यांना कडेने दिसायचे. नव्या माणसाला वाटायचं हे खिडकीशी बोलतात. आणि ते सरळ आपल्याकडे बघत असले तर समजायचं, आपण त्यांना दिसत नाही.

मला ते काम मिळवून दिलं सुनंदाने. ती माझ्यासारखीच दिवा गावची, त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर धुणंभांडी करायची. पहिल्या दिवशी जिन्यात मला म्हणाली, "हे बघ, माणूस देवमाणूस आहे, पण वरचा मजला थोडा हललेला. कॉम्प्युटरवर कसलातरी खेळ खेळतो. तू लक्ष देऊ नको. डोकं फिरेल तुझं."

तो खेळ म्हणजे बेसबॉल. आपल्या क्रिकेटचा लांबचा भाऊ म्हणा. बॅट गोल, दांडक्यासारखी. मारून झालं की चार कोपऱ्यांना वळसा घालून परत घरी यायचं. काकांनी तो मैदानावर कधी पाहिला नव्हता, तो चेंडूही हातात घेतला नव्हता. कॉम्प्युटरमध्ये त्यांनी आठ गावांची लीग केली होती. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर, टिटवाळा, शहाड, आसनगाव आणि अंबरनाथ. मी कामाला लागल्यावर एके दिवशी त्यांनी अंबरनाथचं नाव बदलून दिवा केलं. मला विचारलं नाही, नंतरही काही बोलले नाहीत. स्क्रीनवर वाचताना मला अचानक दिसलं. दिवा सगळ्यात खाली होता.

खेळायचं कॉम्प्युटरने. काकांनी फक्त बदलापूरचा संघ सांभाळायचा. कोणाला घ्यायचं, कोणाला बसवायचं, कोणाला पुढच्या वर्षासाठी तयार करायचं ते ठरवायचं. खेळाडूंना त्यांनी जुन्या दुकानदारांची नावं दिली होती. ज्याचं वजन कधी कमी निघालं नाही तो किराणावाला बदलापूरचा कप्तान होता.

प्रत्येक खेळाडूला आकडे असत. स्क्रीनच्या कडेला काकांनी चिठ्ठ्या चिकटवलेल्या, म्हणजे कोणता आकडा कशाचा ते मला कळावं. फटका. जोर. डोळा. पाय. हात. झेल. हे आकडे त्यांना दिसत नव्हते, म्हणून स्वयंपाक झाला की तासभर मी ते वाचून दाखवायचे आणि वहीत उतरवायचे. हे काम मला आधी सांगितलं नव्हतं, पण मला आवडायला लागलं. तिथे मला माझ्या मनाचं काही बोलावं लागत नव्हतं. नुसतं वाचायचं.

"डोळा म्हणजे काय, काका? चष्मा आहे का याला?"

"डोळा म्हणजे कोणता चेंडू सोडून द्यायचा ते कळणं. मारता सगळ्यांना येतं हो, बाई. सोडता येत नाही."

नंतर कधीतरी मला म्हणाले, "तुमचा डोळा सत्तर आहे." मी सोडून दिलं.

आता तो मापाचा घोळ सांगते. मला तो आजही पूर्ण समजलेला नाही, तरी जेवढा समजला तेवढा.

जुना कॉम्प्युटर बिघडला आणि नवा आला. जुन्यावर खेळाडूंचे आकडे शून्यापासून शंभरपर्यंत होते. नव्यावर ते वीसपासून ऐंशीपर्यंत दिसायला लागले, तेही पाचापाचांनी. वीस, पंचवीस, तीस, असे. काका म्हणाले, हेच खरं माप, खेळाडू पारखणारी माणसं तिकडे अमेरिकेत हेच वापरतात, आपणही आता हेच ठेवू. म्हणजे जुन्या वह्यांमधले सगळे आकडे नव्या मापात आणायला हवे होते. कपाटात अशा सात वह्या होत्या.

मी म्हटलं, "मी करते, काका."

मी चार दिवस बसून एक अख्खी वही केली. शंभराचे ऐंशी झाले, म्हणजे प्रत्येकातून वीस वजा करायचे. मला ते इतकं सरळ वाटलं की मी विचारलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी वाचून दाखवायला बसले. "आसनगाव. फटका पंधरा."

काका खिडकीकडे वळले. "किती?"

"पंधरा. आधी पस्तीस होते."

"पंधरा असा माणूस नसतो. वीसच्या खाली कोणी नाही."

"मग शंभरात ज्याला शून्य होतं तो?"

"तो वीस."

"फुकटचे वीस?"

"फुकटचे नव्हेत. मैदानात उभा राहायला आला ना तो? त्याचे वीस."

ते चिडले नाहीत. माझी चार दिवसांची वही बाजूला ठेवली आणि मला रीत शिकवली. जुन्या दर दहाला नवे सहा. त्यात वीस मिळवायचे. येईल तो आकडा जवळच्या पाचाला न्यायचा. पस्तीसचे होतात एकवीस, अधिक वीस, एक्केचाळीस, म्हणजे चाळीस. मी करून बघितलं. तेहतीसवालाही चाळीस आला, सदतीसवालाही चाळीस आला.

"काका, हे तिघं वेगळे होते. आता एकच दिसतात."

"आत वेगळेच आहेत. कॉम्प्युटरच्या आत खरा आकडा असतो, तो आपल्याला दाखवत नाही. आपण कुठल्याही मापात बघितलं तरी आत तो तोच राहतो."

"मग आपण हे लिहितो ते काय?"

"आपल्याला दिसतं ते."

अजून एक गंमत होती. पन्नासवाल्याचे पन्नासच राहायचे. वरचे खाली यायचे, खालचे वर यायचे, तो मधला मात्र जागचा हलायचा नाही. "पन्नास म्हणजे नापासाच्या वरचा नव्हे," काका म्हणाले. "पन्नास म्हणजे वरच्या लीगपर्यंत पोचलेल्या लोकांतला मधला. तिथवर पोचत कोण?" तेव्हा मला माझी पहिली आमटी आठवली. दोन वर्षांनी मला कळलं की त्या दिवशी मी उगाच रडले. की उगाच नव्हतं? मधलीच तर होती.

तोवर आमटी साठवर आली होती.

मग सुनंदाने बातमी आणली. ठाण्यात माजिवड्याला नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृह आहे, तिथे स्वयंपाकाला कायमची बाई हवी आहे. राहायला मागे एक खोली आणि खोलीत स्वतःचा नळ.

त्या नळाचं मला काय झालं ते दिव्यात राहिलेल्या माणसालाच कळेल. मी भावाच्या घरी राहायचे. दोन खोल्यांत सहा माणसं. पाणी एक दिवसाआड, तेही टँकरचं. लाइनीत पहाटेपासून मी उभी राहायचे, कारण बाकी सगळ्यांना कामं होती आणि मी घरात जास्तीची होते. वहिनी वाईट नव्हती. पण मी आंघोळीला गेले की बाहेरून विचारायची, "ताई, दुसरी बादली घेतली का हो?" नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मी एका बादलीची माणूस होते.

वसतिगृहाचा फॉर्म होता. त्यात एक कागद मागच्या घरच्या मालकांनी भरायचा. स्वच्छता, चव, वेळ, स्वभाव, प्रामाणिकपणा, आणि प्रत्येकापुढे गुणांसाठी एक चौकोन. किती पैकी ते लिहिलं नव्हतं. मी काकांना कागद दिला आणि चौकोन कुठे कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवलं. त्यांनी जाड पेनने मोठे मोठे आकडे काढले, चौकोनाबाहेर जाणारे. स्वच्छता पासष्ट. चव साठ. वेळ पंचावन्न. स्वभाव पन्नास. प्रामाणिकपणा ऐंशी.

ऐंशी बघून माझे डोळे भरून आले. नव्या मापात ऐंशी मी दोनदाच वाचला होता, आणि दोन्ही वेळा काका खुर्चीतून उठून उभे राहिले होते. वसतिगृहात कोणी उठून उभं राहणार नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्या मापात मी इतकी मुरले होते.

वसतिगृहाच्या मॅडमनी कागद हातात घेतला. माझ्याहून लहान असतील वयाने. चेहरा चांगला होता.

"प्रामाणिकपणा ऐंशी, ठीक आहे. चव साठ. वेळ पंचावन्न. उशीर होतो का तुम्हाला?"

"पाणी..." मी म्हटलं.

"आणि स्वभाव पन्नास? भांडण झालंय का त्यांच्याशी?"

"नाही, मॅडम. यात ऐंशी म्हणजे पूर्ण."

"ऐंशीपैकी आहेत का हे?"

"नाही. म्हणजे वीसपासून."

"वीसपासून काय?"

"सुरुवात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला पुढचं सगळं येत होतं. दहाला सहा, अधिक वीस, जवळचा पाच. पण तोंडातून काही निघेना. त्या म्हणाल्या, "हे बघा, मला शंभरपैकी लिहून आणा. सोमवारपर्यंत. अजून एक बाई येऊन गेल्यात, त्यांचं पत्र चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या लाइनीत उभी असताना मी हंडा पालथा घातला, त्यावर कागद ठेवला आणि उलटी रीत केली. वीस काढायचे, दर सहाला दहा. स्वच्छता पंचाहत्तर झाली. चव सदुसष्ट. प्रामाणिकपणा शंभर. वेळ मात्र अठ्ठावन्नच्या वर जाईना. आणि स्वभाव पन्नासचा पन्नास. तो मधला ना, तो हलत नाही. माझ्यामागची बाई म्हणाली, "काय गं, पाण्याचं बिल करते का?"

तो कागद मी काकांपुढे ठेवला. "यावर सही करा."

त्यांनी मला वाचायला लावला आणि मान हलवली. "गणित बरोबर आहे. पण हे चालणार नाही."

"का?"

"त्या बाई हे शाळेतले शंभर समजतील. शाळेत पस्तीसला पास करतात आणि पंचाण्णववाला घरोघरी असतो. आपले शंभर ते नव्हेत. हे तिसरंच माप आहे. त्यांचं शून्य कोण, त्यांचे शंभर कोणाला, ते कळल्याशिवाय मी आकडा कसा देऊ?"

"नव्वद लिहा, काका. सगळीकडे नव्वद लिहा. सगळे तेच लिहितात."

"खोट्या वजनावर शिक्का?"

आणि मग मी बोलले. कुठून आलं ते मला माहीत नाही. "मी वजन आहे का, काका? साडेचार वर्षं जेवताय, एकदा तोंडाने चांगलं म्हणाला नाहीत. पन्नास, पंचावन्न, साठ. स्वभाव पन्नास! काय वाईट केलं मी तुमचं?"

"वाईट कुठे? तुम्ही कधी बोलत नाही. ज्याचं कळत नाही त्याला मधला आकडा द्यायचा, अशी रीत आहे." त्यांनी मान थोडी खिडकीकडे वळवली. "आता थोडं कळलं. पंचावन्न."

मला हसू यायला हवं होतं. मी अजून रडतच होते. "हे सगळे कोणाच्यात, ते तरी सांगा. मधली म्हणता, कोणाच्यात मधली? तुमच्या या लीगमध्ये आहे कोण?"

काका खिशात हात घालून पितळी वजनाशी खेळत बसले. मग म्हणाले, "तिघी. आई, आमची ही, आणि तुम्ही."

"बाकी?"

"बाकी कोणाच्या हातचं मी रोजचं जेवलो नाही."

"आईंना किती?"

"पंचेचाळीस. आईला मीठ कळत नसे."

"आणि काकूंना?"

ते सरळ माझ्याकडे बघत राहिले. "ऐंशी."

मी पदराने नाक पुसलं. "म्हणजे तिघींत मी खालून दुसरी."

"वरूनही दुसरी," काका म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं बोलले. "एकतीस वर्षं लोकांची मापं तपासली. घरचं माप तिघींवर चाललंय, ते तपासलं नाही. चला."

"कुठे?"

"माजिवड्याला. त्यांचा काटा बघू."

मी नको नको म्हणत होते. पण त्यांनी फोनवरून गाडी मागवली, तिचा नंबर मलाच वाचायला लावला आणि स्वच्छ सदरा घालून खाली उतरले. सगळ्या रस्त्याने मी देवाला म्हणत होते की मॅडम रजेवर असू दे. नव्हत्या. त्या स्वयंपाकघरातच होत्या, पदर खोचलेला, हातात डाव.

काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "नमस्कार. या बाईंचं पत्र मी लिहिलं. तुमच्या शंभरात शंभर कोणाला मिळतात?"

मॅडमनी वळून खिडकीत कोण आहे ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, मला एवढंच कळायला हवं की बाई चांगल्या आहेत का."

"चांगली हे माप नव्हे. इथली आमटी चाखायला मिळेल?"

मॅडमनी वाटीत आमटी दिली. काका उभ्यानेच प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत, डोळे मिटून. दुकानात वजन तोलताना ते असेच उभे राहत असतील.

"तीस," ते म्हणाले.

"तीस काय?"

"आमटी. या बाईंची साठ. केली कोणी ही?"

"बाई नाही आठ दिवस," मॅडम म्हणाल्या, "म्हणून मीच करते."

माझ्या डोळ्यांपुढून तो नळ निघून गेला. मला वाटलं, आता काका काहीतरी सावरून घेतील. ते मॅडमच्या बाजूच्या भिंतीकडे बघून अगदी मायेने म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. वीसच्या खाली कोणीच नसतं."

त्यांना खरंच धीर द्यायचा होता. ते मला कळत होतं आणि तिथे दुसऱ्या कोणाला कळणार नव्हतं. म्हणून मी पुढे झाले. "मॅडम, मला अर्धा तास द्या. डाळ शिजलेली आहे का?"

मी आमटी केली. चिंच भिजत घालायला नळ सोडला, तर धो धो पाणी आलं. मी हात तसाच थोडा वेळ धारेखाली धरला. मॅडम बाजूला उभ्या राहून बघत होत्या. झाल्यावर त्यांनी वाटीत घेतली, एक घोट घेतला, मग भिंतीला टेकून सगळी प्यायल्या.

"ही यांच्या हिशेबात साठच?" त्यांनी मला विचारलं.

"आज पंचावन्न," काका म्हणाले. "डाळ दुसऱ्याची आहे."

मॅडमना हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या चांगल्या मिनिटभर हसल्या. "आकडे राहू द्या. एक तारखेपासून या, बाई. खोली झाडून ठेवायला सांगते."

परत येताना गाडीत, खाडीचा पूल मागे पडल्यावर काका म्हणाले, "स्वभाव साठ."

तेव्हा कुठे मला सुचलं आणि मी विचारलं. "काका, आता आकडे कोण वाचणार?"

"सुनंदाला येतात का आकडे?"

सुनंदाला आकडे येत होते, धीर नव्हता. तिचा नंतर फोन यायचा. "अगं, किती ते वाचायचं! पंचेचाळीस, चाळीस, पंचेचाळीस, तोंडाला फेस येतो. मी म्हटलं म्हाताऱ्याला खूश करू. सगळ्यांना सत्तर-ऐंशी वाचते आता. रोज खुर्चीतून उठून उभे राहतात!" बदलापूर ओळीने अकरा सामने हरलं तेव्हा काकांना संशय आला. त्यांनी सुनंदाला वजनाचा आकडा वाचायला सांगितला, त्या खिशातल्या पितळी वजनावरचा. दोनशे. तिने सवयीने ऐंशी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून काकांनी वाचन बंद केलं आणि कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला.

हे ऐकून मला रात्री जेवण गेलं नाही. माझ्या खोलीत नळ होता, मी दोन दोन बादल्या पाणी घ्यायचे, आणि तिकडे काकांच्या कॉम्प्युटरवर टॉवेल होता. मी गेले की वाचणारं कोणी उरणार नाही, हे काकांना आधीच माहीत असणार. मॅडमपुढे एक आकडा इकडेतिकडे केला असता तर मी त्यांच्याकडेच कामाला राहिले असते. आमटी तीस म्हणायचं सोडून दोघी सारख्याच आहात म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी मला जाऊ दिलं की त्यांना नुसतं माप बरोबर हवं होतं, ते मला ठरवता येत नाही. विचारायला हवं होतं.

तीनेक महिन्यांनी सुट्टी मिळाली तेव्हा मी डबा घेऊन गेले. काका बारीक झाले होते. स्वयंपाकाच्या बाया टिकत नव्हत्या. आमटीला आकडे देतात म्हणून तीन गेल्या होत्या, आणि बाहेरचे चार ठिकाणचे डबे लावून बंद झाले होते. मी वाढलं. त्यांनी बोट काठाला लावून वाटी उचलली आणि प्यायले.

"सत्तर."

"साठ होती, काका."

"आता सत्तर झाली. मध्ये सात जणींचं जेवलो. लीग मोठी झाली."

"म्हणजे मी सुधारले का?"

"नाही. आमटी तीच आहे. बाकीच्या कळल्या."

मी डोकं खाजवत बसले. आमटी तीच आणि आकडा नवा, हे मला तेव्हाही नीट बसलं नाही. "मग काकूंचे किती झाले?"

"ऐंशीच. पुढे माप नाही."

मी कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसले. दिवा सातव्या नंबरवर आला होता. त्यानंतर सुट्टी मिळेल तेव्हा मी जायचे. आधी वाचायचे, मग भात टाकायचे.

काका गेल्याचं सुनंदाने फोनवर सांगितलं. त्यांच्या लांबच्या पुतण्याने घर आवरताना वह्या रद्दीत काढल्या होत्या, त्यातली एक सुनंदाने माझ्यासाठी ठेवली. ती नेमकी माझी चुकलेली वही निघाली, प्रत्येकातून वीस वजा केलेली. काकांनी ती टाकलीच नव्हती. तिची मागची पानं कोरी आहेत. हे मी त्याच पानांवर लिहिते आहे, कोणाला दाखवायला नाही.

काल मनात आलं, आपणही काकांना आकडे देऊन बघू. रीत मला येते. चौकोन आखले. स्वभाव, बोलणं, माया. पेन घेऊन बसले आणि आधी लीग कोणती ते ठरवायला गेले, तर तिथेच अडले. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लीगमध्ये ते एकटेच. मग वीसही तेच, पन्नासही तेच आणि ऐंशीही तेच. खूप वेळ हिशेब केला, कुठे चुकते ते सापडलं नाही. चौकोन तसेच रिकामे ठेवलेत.